‘पहिले’पणाचा मान सोडणारा शोधनिबंध

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला आणि भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय डॉ. इंदिरा हिंदुजा व शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांना मिळाले.

कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी मात्र असाच दावा ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेल्या ‘दुर्गा’बाबत केला होता. सरकारी चौकशी समितीने तो फेटाळला. १९८१ मध्ये मुखोपाध्याय यांनी आत्महत्या केली.

पुढे त्यांची हस्तलिखित टिपणे आनंद कुमार यांनी तपासली. भ्रूण गोठवताना बर्फाच्या स्फटिकांमुळे पेशी मरतात. त्या वाचाव्यात म्हणून मुखोपाध्याय यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइड वापरले होते आणि ५३ दिवस गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडला होता. टिपणांवरून आनंद कुमार यांची खात्री पटली. १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांना दिला. तो मान आजवर खुद्द त्यांच्याच नावावर होता, हे विशेष. शास्त्रज्ञांत असे औदार्य विरळाच. हर्षाची ओळख त्यानंतर शास्त्रीय कागदपत्रांनी सिद्ध झालेली देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी अशी उरली.