विश्लेषण : रोज चालूनही पोटरीतली ताकद का घटते?

फुटबॉलवेड्या गडहिंग्लजमध्ये एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर सामना रंगतो, तेव्हा चेंडूमागे धावणाऱ्या खेळाडूची पोटरी राबत असते आणि कडेला उभ्या प्रेक्षकाचीही. मात्र दोघांच्या पोटरीत कामाला लागलेले तंतू सारखे नसतात. उतारवयात नियमित चालूनही पायांचा जोर का ओसरतो, याचं उत्तर या फरकात आहे.

मोटर युनिट म्हणजे काय?
मज्जारज्जूतील एक चेतापेशी आणि तिच्या हुकमावर आकसणारे सर्व स्नायुतंतू मिळून एक मोटर युनिट होते. संदेश आला की त्यातले सगळे तंतू एकदम आकसतात. १९५५ मधील एका अभ्यासानुसार पोटरीच्या आतल्या बाजूच्या स्नायूत सुमारे ५८० युनिट असतात आणि एकेका युनिटमध्ये सरासरी १,९०० हून अधिक तंतू. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या स्नायूत हेच प्रमाण एका युनिटला जेमतेम ९ तंतू इतकं आढळलं. डोळ्याला नेमकेपणा हवा, पोटरीला जोर.

त्यांची मांडणी कशी असते?
एका युनिटचे तंतू एका जुडीत नसतात. ते शेजारच्या युनिटच्या तंतूंमध्ये विखुरलेले असतात. पोटरीतल्या ‘सोलियस’ या खोल स्नायूत सावकाश आकसणारे, लवकर न थकणारे तंतू बहुसंख्य असतात. वरच्या ‘गॅस्ट्रोक्नेमियस’मध्ये वेगवान तंतूंचा वाटा त्याहून मोठा असतो.

आधी कोण, नंतर कोण?
शास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी दाखवून दिलं की, लहान चेतापेशींची युनिट आधी कामाला लागतात, मोठी नंतर. उभं राहायला किंवा सावकाश चालायला लहान युनिट पुरतात. मोठ्या, वेगवान युनिटची पाळी उडी मारताना किंवा जोरात धावताना येते.

वयानुसार काय बदलतं?
वय वाढतं तशा काही चेतापेशी नष्ट होतात. पोरके झालेले तंतू शेजारची चेतापेशी नवा फाटा फोडून सांभाळते. पण सगळेच वाचत नाहीत. त्यात वेगवान तंतूंची झीज अधिक होते. ठेच लागल्यावर चटकन तोल सावरायला मात्र तेच लागतात.

मग उपाय काय?
चालणं सोडू नये, पण त्यावर थांबूही नये. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवते. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणं हा त्यातलाच एक सोपा प्रकार. गुडघेदुखी किंवा तोल जाण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.