गस्तीच्या गाडीची पारख
पोलिसांच्या गस्तीची मोटार नुसती वेगवान असून भागत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्याचे पोलीस दल दरवर्षी फोर्ड, शेव्हरोले, डॉज अशा प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या गाड्या एकाच कसोटीवर पारखते. वेगवृद्धी आणि कमाल वेग मोजले जातातच. शिवाय ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर वेगावरून गाडी पुनःपुन्हा थांबवली जाते. तापलेले ब्रेक साथ देतात की नाही, यावर पाठलागात पोलिसांचे आणि पादचाऱ्यांचेही प्राण अवलंबून असतात. ग्रॅटन येथील वळणावळणाच्या शर्यतमार्गावर गाडीचा तोल पाहतात. आसनाची आणि संपर्कयंत्रणेची सोयही तपासतात. निष्कर्ष सर्वांसाठी खुले असतात. मात्र अमुकच गाडी घ्या, अशी शिफारस नसते. शहराची गरज वेगळी, महामार्गाची वेगळी. निवड ज्या त्या दलाने करायची, पण जाहिरातीच्या नव्हे, आकड्यांच्या आधारे.