यादी बंद होण्याचा दिवस

सकाळी ६.३०
फिलाडेल्फियात अजून उजाडायचंय. आज रात्री ९ वाजता रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, याद्या बंद होतील. उमेदवार हॉस्पिटलांचा पसंतीक्रम देतात, आम्ही हॉस्पिटलवाले उमेदवारांचा. मग जोड्या लागतात. अमेरिकेत ही 'मॅच' १९५२पासून चालत आलेली आहे आणि लागलेली जोडी दोघांनाही बांधून ठेवते.

८.४५
एका उमेदवाराची मेल : 'तुमचा प्रोग्रॅम माझ्या यादीत पहिला आहे.' त्याने आपणहून कळवलं, ते नियमात बसतं. आम्ही विचारलं असतं तर नियमभंग झाला असता. सहकाऱ्याने उत्तर लिहून आणलं : 'तुम्हीही आमच्या यादीत बरेच वर आहात.' अशा वाक्याला सरसकट बंदी नाही, तरी ते मी खोडलं. राहिलं एवढंच : 'मेल मिळाली, आभार. काही शंका असल्यास जरूर विचारा.'

माझ्या वेळी एका डायरेक्टरांनी मला फोन केला होता. "तू आमचीच," म्हणाले. मी विश्वासले आणि यादीत तीनच नावं लिहिली. एकही जागा मिळाली नाही. वर्ष गेलं. त्यांना कदाचित तो फोन आठवतही नसेल.

११.३०
शेवटची बैठक. "या उमेदवार मुलीला फोन करून विचारू या का, नक्की येशील ना?" एकजण म्हणाला. मी नाही म्हटलं. उमेदवाराकडून शब्द काढून घ्यायचा नाही, असं मॅचच्या करारातच आहे.

दुपारी १.१५
सोलापुरात रात्रीचे पावणेबारा वाजले असतील. शेजारच्या काकूंच्या मुलीचा फोन. तिने आमच्याकडे अर्ज केलेला नाही. "मावशी, एका मुलाखतीत विचारलं, आणखी कुठे कुठे बोलावलंय?"
"हा प्रश्न त्यांनी विचारायलाच नको होता."
"पण जिथे आशा जास्त, ते पहिलं लिहू का?"
"नाही गं. तुला मनापासून जिथे जायचंय, ते पहिलं. ते हुकलं तरी दुसऱ्या जागेवरचा तुझा हक्क तसूभर कमी होत नाही."
अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांनी सुधारलेली, १९९८च्या मॅचपासून लागू झालेली जोड्या लावण्याची रीत उमेदवाराची पसंती आधी धरते. रॉथ यांना २०१२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

रात्री ९.००
यादी बंद. सकाळच्या त्या मुलाचा क्रमांक मला ठाऊक आहे. कुठे जायचं, हे त्याला मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी दुपारी १२ला कळेल. त्याने आपली यादी माझ्या एखाद्या गोड वाक्यावर बेतलेली नाही, एवढं मला पुरे आहे.