लष्करात दर्या

आमच्या गल्लीतली एक मुलगी यंदा इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. पावसाळ्यात एका संध्याकाळी ती कुंजी घेऊन आली. पुण्या-मुंबईत जिला गाईड म्हणतात ती इथे ग्वाल्हेरात कुंजी. पुस्तक हेमिंग्वेचं, 'द ओल्ड मॅन अँड द सी'. कुंजीत आधी पात्रं, मग आशय, मग प्रतीकं. म्हातारा सान्तियागो म्हणजे ख्रिस्त, सिंह म्हणजे तारुण्य, शार्क म्हणजे विनाश. किराणा दुकानाच्या यादीसारखं सगळं एकाखाली एक.

"काका, एवढं पाठ केलं की झालं ना?"

"आधी गोष्ट मराठीत सांग."

ती अडखळली. तिचं मराठी आमच्यासारखंच, लष्करातलं. आम्हांला थंडी वाजत नाही, लागते. दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळाचं लष्कर हे शहर झालं, तेव्हापासून आमच्या घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. भा. रा. तांबे इथले राजकवी. श्योपूरला जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध घरचे मराठी, पण लिहिते झाले हिंदीत. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. एका घरातली दोन पोरं दोन भाषांत गेली, याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. शब्द उचलताना तो कोणत्या भाषेतला हे चाचपून बघायची सवय अशी लहानपणीच लागते. कादंबरी वाचायला ही सवय फार कामाची, असं माझं मत आहे.

१९६१ साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं. अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या अध्यक्षपदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. पेशाने नागपूरच्या इंग्रजीच्या प्राध्यापक, आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा विस्तृत आढावा त्यांनीच घेतलेला. इंग्रजी शिकवता शिकवता मराठी कादंबरी तपासणारी बाई अध्यक्ष म्हणून आमच्या गावी यावी, हे मला अजून शुभशकुनासारखं वाटतं. त्याच वर्षाच्या जुलैत हेमिंग्वे गेला आणि नोव्हेंबरात कुसुमावतीही गेल्या.

चारच वर्षांनी, १९६५ साली, पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेचा तो म्हातारा मराठीत आणला. नाव दिलं 'एका कोळियाने'. कुंजीतल्या प्रतीकांच्या प्रकरणाऐवजी मी मुलीला नुसतं हे नाव दिलं. "कोळी म्हणजे?" "मच्छीमार." "आणि?" ती भिंतीकडे बघायला लागली, आणि एकदम हसली. भिंतीवरचा कोळी! शाळेतल्या जुन्या कवितेतला, जाळं विणताना पडणारा, पुन्हा चढणारा. चौऱ्यांशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा पंच्याऐंशीव्या दिवशी होडी लोटतो, त्या चिवटपणाचं सगळं विवेचन त्या दोन शब्दांत आहे. आणि हा श्लेष इंग्रजीत नाही. हेमिंग्वेला तो सुचणंच शक्य नव्हतं. अनुवादकाने मूळ कादंबरीचा आशय ओळखला, मग आपल्या भाषेत त्याला कुठे जागा आहे ते शोधलं. कादंबरीचा अभ्यास म्हणतात तो हाच, अशी माझी समजूत आहे.

सगळं इतकं सुखासुखी मात्र होत नाही. म्हाताऱ्याच्या मनात समुद्र बाई आहे. स्पॅनिशमध्ये 'ला मार' म्हटलं की स्त्रीलिंग, 'एल मार' म्हटलं की पुल्लिंग. म्हातारा पहिलं वापरतो. मोटरबोटी घेऊन फिरणारी तरुण पोरं दुसरं. त्यांच्या लेखी समुद्र हा स्पर्धक, नाहीतर वैरीच. व्यक्तिरेखा, पिढ्यांमधला फरक, निसर्गाकडे बघायची दृष्टी, हे तिन्ही एका लिंगभेदात! मराठीत आलात की समुद्र पुल्लिंगी, सागर पुल्लिंगी, कोळीवाड्यातला दर्याही पुल्लिंगीच. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करणारे आपले कोळी दर्याला देव मानतात, तरी तो 'तो'च. इथे अनुवादकाच्या नाकी नऊ येतात. पु. लं.नी काय केलं ते दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघावं; पाच मिनिटांचं काम आहे आणि कुंजीच्या पाच पानांना भारी आहे.

आमच्या मुलीने समुद्र पाहिलेला नाही. तिला मी म्हटलं, काही बिघडत नाही, फक्त हात बघ. कादंबरीभर म्हाताऱ्याच्या हातांवर लक्ष ठेव. डावा हात आखडतो, तेव्हा तो त्याच्यावर गद्दार नोकरावर चिडावं तसा चिडतो. दोरीने तळवे कापतात. शेवटी डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढताना तो पडतो, घरी येऊन पालथा झोपतो, हात पसरलेले, तळवे वर. ख्रिस्त इथे आहे, कुंजी खोटं सांगत नाही. पण तो आधी सोललेल्या कातड्यात आहे, मग प्रतीकात. उलट्या क्रमाने शिकवलं की पोरांना ख्रिस्त दिसतो आणि हात दिसत नाहीत.

मराठीत आलेलं दुसरं मोठं अमेरिकन पुस्तक म्हणजे 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्जची 'द यर्लिंग' १९३८ची, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालेली. अनुवाद 'सत्यकथा' मासिकाचे राम पटवर्धन यांचा. फ्लॉरिडाच्या रानातला ज्योडी, त्याने पाळलेलं हरणाचं पिल्लू, आणि मक्याची कोवळी रोपं खाऊन घरावर उपासमार आणणाऱ्या त्याच पिल्लावर शेवटी त्यालाच झाडावी लागणारी गोळी. नावापुरतं बोलायचं तर इथे मी थोडा नाराज आहे. इंग्रजी नाव वर्षभराच्या जनावराचं. ना धड पिल्लू, ना धड मोठं. आणि ते ज्योडीलाही लागू पडतं. 'पाडस' म्हटलं की माया येते, वय मात्र तिथेच थांबतं. तरी दुसरा शब्द सुचवा म्हटलं तर माझ्याकडे नाही.

'कोसला' ही कादंबरी अनुवाद नव्हे, पण १९६३ साली ती आली आणि पुढे समीक्षकांनी सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'शी तिची तुलना केली. तुलना पांडुरंग सांगवीकर आणि होल्डन या दोन नायकांपुरती ठेवली की कंटाळवाणी होते. दोघांची बोलायची ढब शेजारी ठेवली की मजा येते. तेवढं पुरे.

मुलगी आठवड्याने परत आली. कुंजीच्या समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलेला: 'मनोलिन म्हाताऱ्याला तू म्हणेल का तुम्ही?' इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे कुंजीत याचं उत्तर असायचं कारण नव्हतं. आमच्या घरांत आजीला तू आणि आजोबांना तुम्ही. पण मनोलिन हा मुलगा पाच वर्षांचा असल्यापासून म्हाताऱ्याच्या होडीत बसलाय. तेवढा पोर तूच म्हणणार. मग चाळीस दिवस मासा मिळाला नाही म्हणून आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडला, तेव्हा मध्ये थोडं अंतर आलं असेल. आम्ही तासभर भांडलो. चहा दोनदा झाला.

शेवटी तिने ठरवलं, तुम्ही. पुस्तकभर तुम्ही. फक्त त्या सकाळी मुलगा खोपटात येतो, झोपलेल्या म्हाताऱ्याचे हात बघतो आणि रडत रडत कॉफी आणायला निघतो, तिथे तो मनातल्या मनात एकदाच तू म्हणतो.

"पण तिथे तर तो काही बोलतच नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर," ती म्हणाली.