मराठीतील लिंगनिर्देश आणि व्यक्तीची लिंगओळख : महाविद्यालयीन वर्गाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : व्यक्तीची लिंगओळख आणि तिच्यासाठी वापरावयाची सर्वनामे या विषयाची चर्चा आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या आधाराने होते. मराठीत मात्र लिंगनिर्देश सर्वनामापेक्षा क्रियापदात अधिक असतो. त्यामुळे हा प्रश्न मराठीत वेगळ्या रूपाने उभा राहतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. त्यासंबंधीच्या भिन्न दृष्टिकोनांचा परामर्श घेऊन अध्यापकांसाठी काही व्यवहार्य सूचना शेवटी मांडल्या आहेत.

बीजशब्द : लिंगओळख, सर्वनाम, क्रियापद, पारलिंगी, संबोधन, वर्गव्यवहार

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखिकेच्या वर्गात एक विद्यार्थी मराठीच्या तासाला इंग्रजीतून उत्तरे देत असे. मराठीवर त्याचे प्रभुत्व होते आणि निबंधही उत्तम असत. मराठीविषयी अनास्था असावी, असा समज करून घेऊन लेखिकेने एकदा भर वर्गात त्याला टोकले. पुढे वर्गाबाहेर झालेल्या बोलण्यात कारण कळले. हजेरीपटावर मुलगा म्हणून नोंद असलेली ती व्यक्ती स्वतःला मुलगी मानत होती. 'मी वाचतो' असे म्हणणे तिला खोटे वाटे आणि 'मी वाचते' म्हणण्याचे धैर्य होत नसे. इंग्रजीत 'मी' म्हणताना यांपैकी काहीच ठरवावे लागत नाही. म्हणून ती मराठीच्या तासाला मराठी टाळत होती. वरील पहिल्या वाक्यांत तिचा उल्लेख पुल्लिंगी केला आहे, कारण त्या वेळी लेखिकेची समजूत तीच होती.

या अनुभवातून प्रस्तुत लेखाचा प्रश्न निर्माण झाला. एखाद्या विद्यार्थ्याला स्वतःविषयी मातृभाषेत एक साधे वाक्य बोलता येत नसेल, तर तो प्रश्न भाषेच्या अध्यापकाचा नाही काय?

संज्ञांविषयी थोडेसे

जन्माच्या वेळी शरीरावरून नोंदले जाते ते लिंग. आपण स्त्री, पुरुष, दोन्ही वा दोहोंपैकी काहीच नाही, ही व्यक्तीची आंतरिक जाणीव म्हणजे लिंगओळख होय. या दोहोंत ज्यांच्या बाबतीत मेळ नसतो, त्यांच्यासाठी 'पारलिंगी' ही संज्ञा अलीकडे रूढ होत आहे. शासकीय व्यवहारात 'तृतीयपंथी' हा शब्द अधिक आढळतो. परंतु त्यातील 'पंथ' हे पद सांप्रदायिक समूहाचे सूचन करते. स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष मानणाऱ्या पारलिंगी व्यक्तींना ते आपलेसे वाटेलच असे नाही. 'हिजडा' हा शब्द बोलण्यात शिवीसारखा वापरला जातो. असे असूनही ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 2012 साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' या शीर्षकानेच वाचकांपुढे आले. कोणता शब्द अवमानाचा आणि कोणता अभिमानाचा, हे तो कोण उच्चारतो यावरही अवलंबून असते.

मराठी व्याकरणातील लिंगनिर्देश

इंग्रजीत हा प्रश्न मुख्यतः तृतीय पुरुषी सर्वनामांपुरता, म्हणजे एखाद्याविषयी इतरांनी कसे बोलावे एवढ्यापुरता, मर्यादित राहतो. तेथे 'दे' हे अनेकवचनी सर्वनाम एका व्यक्तीसाठी वापरण्याचा मार्ग उपलब्ध झाला. स्वीडिश भाषेत 'हेन' हे नवे सर्वनाम 2015 साली तेथील अकादमीच्या शब्दसूचीत समाविष्ट झाले. मराठीत 'मी', 'तू' या सर्वनामांना लिंग नाही. ते क्रियापदाला आहे. 'मी जातो', 'मी जाते', 'मी गेलो', 'मी गेले', 'तू आलास', 'तू आलीस' ही रूपे पाहता बोलणाऱ्याला स्वतःविषयी बोलतानाच आपले लिंग सांगावे लागते. नवे सर्वनाम घडवून मराठीतील ही अडचण सुटणारी नाही.

तथापि मराठी व्याकरणाचा सर्वच प्रदेश लिंगाने व्यापलेला नाही. 'मी जाईन', 'मी लिहीत आहे', 'मी शिकणार आहे' या रूपांतून बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. 'मी कविता लिहिली' यातील स्त्रीलिंग कवितेचे आहे, कवीचे नव्हे. 'मला वाटते', 'मला आवडते' या रचनाही तशाच. द्वितीय पुरुषात आदरार्थी 'तुम्ही' वापरले की 'तुम्ही जाता', 'तुम्ही आलात' अशी बरीच रूपे लिंगनिरपेक्ष होतात. तृतीय पुरुषात 'ते आले' व 'त्या आल्या' हा भेद राहतो; पण 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचे' यांत तो उरत नाही.

नपुंसकलिंग हा सोपा उपाय आहे, असे काहींना वाटते. मूल, लेकरू, पोरगे या शब्दांत ते मायेने येते. कोकणीत व दक्षिण कोकणच्या बोलींत मुलीचा उल्लेखही नपुंसकलिंगात होतो. परंतु प्रौढ व्यक्तीविषयी वापरलेले एकवचनी 'ते' प्रमाण मराठीत बहुधा हेटाळणीचे असते. 'ते ध्यान' हा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. शिवाय 'नपुंसक' हा शब्दच येथे अपमानाचा आहे. स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्तीला 'ती' हवे असते. तिला परस्पर नपुंसकलिंगात ढकलणे हाही अनादरच होय.

बोलींचा पुरावा आणखी एका दृष्टीने महत्त्वाचा आहे. कोल्हापूर-सांगलीकडील बोलीत स्त्रियाही 'मी येतो', 'मी आलो' असे सहज म्हणतात. त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाविषयी कोणालाही शंका येत नाही. क्रियापदाचे रूप आणि शरीर यांचा संबंध निसर्गनियमासारखा अटळ नसून तो भाषिक संकेत आहे, हे यावरून दिसते.

परंपरेतील स्वीकार आणि त्याची मर्यादा

ज्ञानेश्वरांना महाराष्ट्र 'माउली' म्हणतो आणि विठ्ठलाला 'विठाई'. वारीत समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष हे न पाहता 'माउली' असे संबोधले जाते. यल्लम्माच्या परंपरेतील जोगते स्त्रीवेश धारण करतात. त्यांचे जीवन राजन गवस यांच्या कादंबऱ्यांतून मराठी वाचकांसमोर आले आणि 2009 च्या 'जोगवा' या चित्रपटातून प्रेक्षकांसमोर. हिजडा समाजात गुरू-चेला नात्याची स्वतंत्र व्यवस्था आहे आणि तेथे परस्परांविषयी स्त्रीलिंगी बोलण्याची रीत आहे.

यावरून आपला समाज पूर्वापार उदार होता असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. भक्तीत, विधीत किंवा रंगभूमीवर जे चालते, ते घरात व वर्गात चालतेच असे नाही. जोगत्याला नमस्कार करणारा गृहस्थ स्वतःच्या अपत्याच्या तोंडून वेगळे क्रियापद ऐकताच अस्वस्थ होतो. परंपरेने अशा व्यक्तींना स्थान दिले, पण ते बहुतांशी घराबाहेरचे होते.

कायदेशीर पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निर्णय देताना लिंगओळख स्वतः ठरवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. 2011 च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशात 4,87,803 व महाराष्ट्रात 40,891 व्यक्तींची नोंद झाली होती. संसदेने 2019 मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र घेण्याची पद्धत होती. स्वतः ठरवण्याच्या हक्काला प्रशासनाच्या मान्यतेची जोड कशासाठी, अशी टीका त्यावर झाली.

महाराष्ट्रातील एक प्रकरण येथे उद्बोधक आहे. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. पारलिंगी असल्याच्या कारणावरून तो फेटाळण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये त्यांची स्त्री ही ओळख मान्य करून निवडणूक लढवण्यास परवानगी दिली. त्याच महिन्यात गावाने त्यांना निवडून दिले. ग्रामीण समाज अशा गोष्टी स्वीकारणार नाही, हे गृहीतक या निकालाने तपासून पाहावयास लावले.

दृष्टिकोनांतील भिन्नता

अध्यापकवर्गात या विषयी स्थूलमानाने तीन भूमिका ऐकू येतात. पहिली अशी की, लिंग शरीराने ठरते आणि भाषेने वस्तुस्थिती सांगावी. या भूमिकेमागे अनेकदा धार्मिक वा कौटुंबिक श्रद्धा असते. तिची टिंगल करून संवाद होत नाही. परंतु आपण कोणालाही हाक मारतो ती वैद्यकीय तपासणी करून नव्हे. रोजच्या व्यवहारात समोरच्याने स्वतःविषयी जे सांगितले त्यावरच आपण विसंबतो.

दुसरी भूमिका व्यावहारिक आहे. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाची पसंती लक्षात कशी ठेवावी आणि चूक झाल्यास काय, ही भीती खरी आहे. मात्र अनवधानाने झालेली चूक आणि सांगूनही हेतुतः केलेला उल्लेख यांत फरक आहे. पहिलीला एक 'क्षमस्व' पुरते.

तिसरी भूमिका पूर्ण स्वीकाराची आहे. तिच्याशी लेखिका सहमत असली, तरी तिच्यातील एक अपेक्षा तपासली पाहिजे. भाषा बदलली की समाज बदलेल, असे गृहीत धरता येत नाही. बंगालीत 'तो' आणि 'ती' यांसाठी एकच सर्वनाम आहे. म्हणून बंगाली समाज लिंगभेदातून मुक्त झाला असे कोणी म्हणणार नाही. आदरयुक्त संबोधन ही सुरुवात होय, परिपूर्ती नव्हे.

काही सूचना

पहिली सूचना म्हणजे कागदोपत्री नोंद आणि तोंडी संबोधन यांची गल्लत करू नये. गुणपत्रिकेवरील नाव बदलण्यास विहित कार्यपद्धती लागते. वर्गात 'ती' म्हणण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. दुसरी, सर्व विद्यार्थ्यांना 'तुम्ही' म्हणण्याची सवय लावावी. त्यात कोणा एकाकडे बोट दाखवले जात नाही आणि प्रत्येकाचाच मान राखला जातो. तिसरी, पसंती विचारायची ती एकांतात. भर वर्गात सर्वांना आपली ओळख जाहीर करावयास लावल्यास, जी व्यक्ती अद्याप घरीही बोललेली नाही तिची कोंडी होते. एकांतात सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीविना घरी किंवा सहकाऱ्यांनाही कळवू नये. चौथी, व्याकरण शिकवताना वर निर्दिष्ट केलेल्या लिंगनिरपेक्ष रचना मुद्दाम दाखवून द्याव्यात. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर तामिळनाडू शासनाने 2022 मध्ये आदरयुक्त संज्ञांची सूची प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी असे काम आपल्या भाषेसाठी हाती घ्यावे.

समारोप

सर्वनामांचा प्रश्न परकीय आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येत नाही. कारण मराठीत तो बोलणाऱ्याच्या 'मी'पासूनच सुरू होतो. त्याचबरोबर त्याचे बरेचसे उत्तरही याच भाषेच्या व्याकरणात आणि रीतिरिवाजात उपलब्ध आहे. आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीला लेखिकेने पुढे 'तुम्ही' म्हणावयास सुरुवात केली आणि तिच्यापुरतेच न ठेवता साऱ्या वर्गाला तसेच संबोधले. काही आठवड्यांनी एका कवितेवरील चर्चेत तिने मराठीतून मत मांडले. 'मला वाटते' येथून तिने सुरुवात केली होती. 'मी वाचते' हे वाक्य तिने वर्गात उच्चारले नाही. ते तिने कधी उच्चारावे, हे ठरवणे तिचे आहे. उच्चारल्यास ते ऐकून घेणारा वर्ग घडवणे हे अध्यापकांचे काम आहे.