पुरावा हवाच, पण कोणाच्या मोलाने?

नांदेड/लातूर : 'लातूर पॅटर्न'ने राज्यभर नाव मिळविले, त्याला आता काही दशके लोटली. पाठोपाठ नांदेडही वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीचे मोठे केंद्र बनले. उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधार अशा तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली या दोन शहरांत येतात आणि खोली, मेस व शिकवणी यांच्या फेऱ्यात दोन-दोन वर्षे राहतात. किनवट परिसरातील आदिवासी मुले आश्रमशाळांत असतात. आई-वडील दूर आणि शिक्षक, अधीक्षक, घरमालक जवळ, अशी ही रचना आहे. अशा ठिकाणी एखाद्या मोठ्या माणसाविषयी संशय निर्माण झाला, की पहिला प्रश्न विचारला जातो तो 'पुरावा काय?' हा. प्रश्न रास्त आहे. मात्र तो पुरावा कोणी, कसा आणि कोणाच्या मोलाने गोळा करायचा, याचा विचार क्वचितच होतो.

कायदा आधी खबर मागतो

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. अपराध घडला आहे हे ज्याला माहीत आहे किंवा तो घडण्याची ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविले पाहिजे, असे या कायद्याचे कलम 19 सांगते. सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकलेली नाही. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. माहिती दडविल्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

प्रत्यक्षात मात्र अनेकदा उलटे घडते. संस्था 'आधी आपण खात्री करून घेऊ' म्हणून अंतर्गत चौकशी बसविते. मुलाला मुख्याध्यापकांसमोर, मग संचालकांसमोर, मग पालकांसमोर तेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कधी ज्याच्यावर आरोप आहे, त्यालाच समोर बोलावले जाते. या काळात कपडे धुतले जातात, मोबाइलमधील संदेश पुसले जातात आणि साक्षीदारांवर दबाव येतो. खात्री करून घेण्याच्या नादात खात्री देऊ शकणारे पुरावेच नाहीसे होतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील प्रकरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेथील एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे हे प्रकरण 2019 मध्ये उघडकीस आले. तपासात 17 मुलींचा उल्लेख आला. या मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरने माहिती असूनही ती कळविली नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो निर्णय फिरविला. डॉक्टर दोषी आहे की नाही, हे न्यायालयाने ठरविले नाही. तो खटल्याचा भाग आहे. मात्र अपराध वेळीच कळविला जाणे अत्यंत महत्त्वाचे असून, तसे न होणे हाच गंभीर अपराध आहे, हे न्यायालयाने स्पष्ट केले.

प्रश्न विचारण्याची रीत

लैंगिक अत्याचाराच्या अनेक घटनांत शरीरावर खूण नसते आणि साक्षीदारही नसतो. अशा वेळी बालकाचे शब्द हाच मुख्य पुरावा ठरतो. मुंबईतील 'अँकरेज' या निवारागृहाच्या प्रकरणात मुलांच्या साक्षी निर्णायक ठरल्या. 2001 मध्ये उघडकीस आलेल्या या प्रकरणात सत्र न्यायालयाने 2006 मध्ये शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने 2008 मध्ये आरोपींना निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2011 मध्ये मुलांच्या साक्षी ग्राह्य मानून शिक्षा कायम केली.

शब्द इतके मोलाचे असतील, तर ते गढूळ न करणे ही पहिली नैतिक जबाबदारी ठरते. 'त्यांनी तुला इथे हात लावला ना?' या प्रश्नातच उत्तर दडलेले असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मॅकमार्टिन बालवाडीच्या प्रकरणात लहान मुलांना अशाच सुचविणाऱ्या प्रश्नांनी बोलते करण्यात आले. 1983 मध्ये सुरू झालेले ते प्रकरण 1990 मध्ये एकही आरोप सिद्ध न होता संपले. चुकीच्या विचारणेमुळे निरपराध व्यक्ती आयुष्यातून उठू शकते आणि खरा अपराधी सुटूही शकतो.

म्हणूनच कायद्याने जबाब घेण्याची रीत आखून दिली आहे. जबाब बालकाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. अधिकाऱ्याने गणवेश घालावयाचा नसतो. विश्वासातील व्यक्ती सोबत असावी लागते. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करावी लागते. न्यायालयात वकिलांचे प्रश्नही न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात. मूल आपणहून काही सांगू लागले, तर शिक्षकाने वा पालकाने शांतपणे ऐकावे, त्याचे शब्द त्याच्याच भाषेत लिहून ठेवावेत, तारीख-वेळ टाकावी आणि तेथेच थांबावे. पुढचे प्रश्न विचारणे हे त्यांचे काम नव्हे.

मोबाइलमधील 'पुरावा'

मोबाइल हाती आल्यापासून छुपे चित्रीकरण करून संशयिताला 'रंगेहाथ पकडण्याचा' मोह वाढला आहे. असा सापळा लावण्यासाठी मुलाला पुन्हा त्याच व्यक्तीकडे पाठविणे म्हणजे त्याला आमिष बनविणे होय. हेतू कितीही चांगला असला, तरी त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

दिल्लीत 2007 मध्ये एका शिक्षिकेने विद्यार्थिनींना वेश्याव्यवसायात ओढल्याचा दावा करणारे 'स्टिंग' एका वृत्तवाहिनीने दाखविले. जमावाने त्या शिक्षिकेला मारहाण केली, तिची नोकरी गेली. नंतर ते स्टिंगच बनावट असल्याचे निष्पन्न झाले. ध्वनिचित्रफीत खोटे बोलत नाही, हा समज किती घातक आहे, हे तेव्हा दिसले.

खऱ्या चित्रफितीलाही न्यायालयात कसोटी असते. याबाबतचा महत्त्वाचा निर्णय मराठवाड्यातीलच एका वादातून आला. जालना मतदारसंघाच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. मूळ उपकरणच न्यायालयात सादर केल्यास त्याची गरज नाही, असेही नमूद केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही अट आहे. त्यामुळे संदेश वा चित्रफीत मिळाल्यास ती कापू, पुसू वा सजवू नये. मूळ मोबाइल आहे त्या स्थितीत पोलिसांकडे द्यावा.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'सर्वांना कळावे' म्हणून बालकाचे अश्लील छायाचित्र पुढे पाठविणे हा तर स्वतंत्र अपराध आहे. बालकाची ओळख उघड करण्यासही कायद्याने मनाई आहे. एकदा पसरलेले छायाचित्र परत घेता येत नाही; ते पाठविणाऱ्याचा हेतू चांगला होता, याने त्या मुलाचे दुःख कमी होत नाही.

संशयिताचेही हक्क

'पॉक्सो'च्या कलम 29 नुसार गंभीर अपराधांत न्यायालय आरोपी दोषी असल्याचे गृहीत धरून चालते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. कायदा इतका कठोर असताना त्याच्या तोंडी दिला जाणारा पुरावा अधिकच निर्मळ असला पाहिजे. मारहाण करून मिळविलेली कबुली न्यायालयात टिकत नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाबही पुरावा म्हणून ग्राह्य नाही.

बदलापूर येथील शाळेतील प्रकरणात ऑगस्ट 2024 मध्ये लोकांचा संताप रेल्वेमार्गावर उतरला. गुन्हा नोंदविण्यास झालेला विलंब हे त्यामागचे एक मोठे कारण होते. अटकेतील मुख्य आरोपी 23 सप्टेंबर 2024 रोजी पोलिसांच्या गोळीने ठार झाला. अनेकांनी त्याचे स्वागत केले. परंतु त्याच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयात कधीच तपासला गेला नाही आणि त्या चिमुकल्यांच्या वाट्याला त्याच्याविरुद्धचा न्यायालयीन निकाल आला नाही.

जबाबदारीची वाटणी

नागरिकांनी संशय कळवावा, मूल सुरक्षित करावे आणि गप्प राहू नये. पुरावा गोळा करणे पोलीस, डॉक्टर आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांचे काम आहे. त्यासाठी नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असून, नांदेडला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळाही आहे. बालकांसाठी 1098 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक उपलब्ध आहेत. प्रत्येक वसतिगृहाच्या व शिकवणीच्या दर्शनी भागात ते लावलेले असावेत आणि ते फिरविण्यासाठी मुलांना कोणाच्या परवानगीची गरज पडू नये, एवढी दक्षता तरी संस्थांनी घ्यायला हवी. आधी पुरावा आणि मग तक्रार, असा हट्ट धरला जातो तेव्हा त्या पुराव्याची किंमत बहुधा मूलच चुकविते.