द्राक्षबागांतील ज्ञानव्यवहार

नाशिकच्या पेठेत भोकरी द्राक्षांचा बोलबाला होता त्या काळापासून युरोपच्या बंदरांत थॉमसन सीडलेसच्या पेट्या उतरू लागल्या त्या काळापर्यंतचा हिशेब जर कोणी केवळ एकरी उत्पन्नाच्या आकड्यांनी मांडू लागला, तर मुख्य रक्कम दफ्तरी चढायचीच राहून जाईल. ती रक्कम म्हणजे बागायतदारांनी एकमेकांपासून लपवून न ठेवलेले ज्ञान.

१९६० साली महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला, आणि पुढे चर्चासत्रांतून व ‘द्राक्षवृत्त’ मासिकातून सांगलीकडचा अनुभव नाशिक-सोलापूरच्या शिवारांत पोहोचण्याची वहिवाट पडली. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांचा ‘तास-ए-गणेश’ आणि नान्नजच्या नानासाहेब काळे यांचा ‘सोनाका’ हे वाण सरकारी प्रयोगक्षेत्रात नव्हे, तर शेतकऱ्यांच्याच बागांत निवडले गेले, आणि त्यांच्या काड्या जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्या. या औदार्यामागे निव्वळ सात्त्विकता होती असे मी मानत नाही. एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी करून वर्षाकाठी एकच पीक घेणाऱ्याच्या फुलोऱ्यावर अवेळी पाऊस पडून केवडा आला, तर थोडक्या दिवसांत घड हातचे जातात, आणि शेजारच्या बागेतला रोग काही बांध पाहून थांबत नाही. तेव्हा शेजाऱ्याला शहाणे करण्यात प्रत्येकाचा स्वार्थच होता. अवर्षणात व क्षारयुक्त पाण्यावर बाग तगावी म्हणून ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करण्याची रीत पसरली, तीही याच वाटेने. १९९१ मध्ये निर्यातीसाठी महाग्रेप्स आणि १९९७ मध्ये मांजरीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र यांची जोड मिळाली.

मात्र या वाटेने चूकही तितक्याच वेगाने प्रवास करते. वेलीची वाढ आवरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाटचा अंश २०१० मध्ये युरोपात मर्यादेबाहेर आढळला, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ज्याचे नावच नव्हते अशा एका रसायनापायी कंटेनर अडकून मोठे नुकसान झाले. पुढे ते रसायन तपासणीत आले, सावधगिरीचा निरोप बागोबाग गेला आणि निर्यात सावरली. न खपलेल्या मालाला तासगावचा बेदाणा हा आधार होताच.

तथापि अलीकडच्या अवकाळी पावसांनी तासगाव-मिरजेकडे काहींना स्वतःच्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली आहे, आणि हे लोक अडाणी नव्हेत. रोगाची वार्ता वेळेवर देणारा संघ कर्जाचा हप्ता भरू शकत नाही. पीकविम्याचा आणि प्लॅस्टिक आच्छादनाच्या खर्चाचा बंदोबस्त सरकारनेच केला पाहिजे, आणि तोही पुढच्या फळछाटणीपूर्वी.